खराब, चार एकर अकरा गुंठे

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या एका गावातली चावडी. हस्ताची सर नुकतीच येऊन गेलेली, कट्ट्याचा दगड ओला. एक म्हातारा धनगर उताऱ्याचा कागद वाचून घेत होता. कागद कन्नडमधला, वाचणारा कॉलेजला जाणारा शेजारचा पोरगा. सर्व्हे नंबर झाला, क्षेत्र झालं, आकार म्हणजे सारा झाला, आणि मग पोरानं वाचलं, "फोट खराब, अ. चार एकर अकरा गुंठे." म्हाताऱ्यानं विचारलं, "खराब म्हंजे?" "म्हंजे काय उगवत न्हाई असली जमीन, आबा." म्हाताऱ्यानं मान वळवून ओढ्यापलीकडच्या टेकाडाकडं बघितलं. तेच ते चार एकर अकरा गुंठे, आणि त्याचीच बकरी (धनगर मेंढरांनाही बकरीच म्हणतो) तिथं गुडघाभर गवतात तोंडं खुपसून चरत होती. "उगवत न्हाई? मग बकरी काय खात्यात रं ती?" हे त्यानं चेष्टेनं विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. पोरगा कागदाकडं बघत राहिला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

तो प्रश्न तिथून उठल्यावरही डोक्यातून गेला नाही.

महसुलाच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ साधा आहे. सर्व्हे नंबरातला जो तुकडा नांगराखाली येत नाही, त्याच्यावर आकार बसवायचा नाही, म्हणून तो बाजूला काढायचा. 'अ' म्हणजे शेतीला नालायक. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, मसणवट अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेला. हिशेबापुरतं हे ठीकच आहे. पण शब्द हिशेबात थांबत नाहीत, ते डोळ्यांत उतरतात. आमच्या सीमाभागात भाषेवरून किती वर्षं काय काय झालं ते सांगायला नको, पण हा एक शब्द दोन्हीकडं बिनतक्रार नांदतो. मुळात तो ना मराठीचा ना कन्नडचा, अरबी-फारसीतून दफ्तरात आलेला. या दोन भाषांनी याच माळाला दिलेले शब्द मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. माळ, माळरान, टेकाड, मुरमाड, बरड, गायरान, कुरण. झुडपांची नावं तर जोडीनं चालतात. आपण तरवड म्हणतो त्याला शेजारचा तंगडी म्हणतो, आपली हिवर म्हणजे त्याची बिळीजाली, आपली बाभूळ म्हणजे करीजाली. ज्याला काहीच उगवत नाही असं म्हणायचं, त्याच्यासाठी दोन भाषांनी एवढी नावं कशाला जपली असतील?

आधी पाणी. हा जिल्हा पावसाच्या बाबतीत एका बाजूला कलंडलेला आहे. पश्चिमेला खानापूरच्या घाटमाथ्यावर, कणकुंबी-आमगावच्या बाजूला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये पडतो. बेळगाव शहरात येईतो तो १२००-१३०० वर येतो, आणि अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग इथं ५०० ते ६०० च्या आसपास. तोही एका दमात नाही. मे महिन्यात वळीव येऊन ढेकळं फोडून जातो, मृग तोंड दाखवतो, आषाढ-श्रावणात नुसते ढग आणि वारा, आणि खरा पाऊस उत्तरा-हस्तात, परतीच्या वाटेवर. या दोन पावसांच्या मधली ओढ चाळीस-पन्नास दिवसांचीही असते. माळावर जे जे जगतं ते या ओढीच्या मापानं घडलेलं आहे. झाडाला एवढी ओढ सोसायची तर खोल माती लागते; इथं वीतभर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली पाषाण. उत्तरेकडे अथणी-रायबाग-चिक्कोडीला काळा बेसॉल्ट, दक्षिणेकडे गोकाक-सौंदत्तीला तांबूस वालुकाश्म. गोकाकचा धबधबा ज्या ५२ मीटरच्या कड्यावरून कोसळतो तो याच दगडाचा. अशा जागी गवत आणि झुडूप हेच मूळचे रहिवासी. इथं पूर्वी दाट जंगल होतं आणि ते माणसानं संपवलं म्हणून हा माळ उरला, अशी सरसकट समजूत आहे. काही ओढ्याकाठांबद्दल ती खरी असेल. साऱ्या माळाला ती लावणं चूक आहे.

त्या चार एकर अकरा गुंठ्यांचाच हिशेब करून बघावा. ५५० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला त्यावर सुमारे ९५ लाख लिटर पाणी पडतं. गवताचं बूड जिथं दाट आहे तिथं थेंब पात्यावर फुटतो, बुंध्याशी घुटमळतो आणि मुरमात शिरतो. तो मुरूम म्हणजे या भागातली खरी टाकी, कारण खालच्या अखंड पाषाणात पाणी धरायला जागा नाही; ते वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरातच राहतं आणि उताराच्या दिशेनं हळूहळू सरकतं. खालच्या काळ्या रानातल्या विहिरीला जो झरा असतो त्याचं मूळ बहुतेक वेळा अशा एखाद्या टेकाडात असतं. माळ खरवडून निघाला, की तेच पाणी तासाभरात ओढ्याला लागतं, गढूळ होऊन. मग विहीर आटली की लोक आणखी दोनशे फूट बोअर मारतात, आणि टेकाडाकडं कुणी बघत नाही.

गवतात कुसळीचं नाव पहिलं घ्यायला हवं, कारण तिच्यामुळेच माळ बदनाम आहे. पण कुसळीएवढी कारागिरी मी दुसऱ्या कुठल्या बियाण्यात पाहिलेली नाही. बी जेमतेम तांदळाच्या कणीएवढं लांबट. त्याच्या टोकाला सुईसारखी अणी, आणि अणीवर उलट्या दिशेनं वळलेले ताठ केस, म्हणजे आत गेलेलं मागं येत नाही. दुसऱ्या टोकाला तीन-चार बोटं लांब तपकिरी शेपूट, दोन ठिकाणी गुडघ्यासारखं मोडलेलं, आणि खालचा भाग दोरीसारखा पिळलेला. हवा कोरडी झाली की पीळ घट्ट होतो, दव पडलं की उलगडतो. जमिनीवर पडलेल्या बियाचं शेपूट एखाद्या काडीला, खड्याला अडतं. शेपूट फिरू शकत नाही म्हणून बी फिरतं, आणि रात्रीच्या दवानं, दिवसाच्या उन्हानं रोज थोडं थोडं जमिनीत घुसतं. गिरमिटानं लाकडात भोक पाडावं तसं. मुरमाच्या कडक पापुद्र्यात बी पेरण्याचं काम कुठल्याही पाभरीला जमणार नाही ते ही शेपटी करते. वणवा लागला तरी जमिनीत बोटभर गेलेलं बी वाचतं. म्हणून माघ-फाल्गुनात जाळलेल्या माळावर पहिल्या वळवानंतर सगळ्यात आधी कुसळीच दिसते.

हीच शेपटी मेंढीच्या लोकरीत अडकली की बी चामडीत जातं. ओठात, डोळ्यांत, खुरांच्या बेचक्यात जातं. पिकलेल्या कुसळीत चरलेल्या मेंढीच्या कातड्याला भोकं पडतात, तोंड आलेलं कोकरू आचळाला लागत नाही. म्हणून कुसळी वाईट असं मात्र नाही. फुलावर येईपर्यंत ती उत्तम चारा आहे. पोटरीतून कणीस बाहेर पडून शेपट्या हिरव्या-पोपटी असतात तोवर कापली तर गंजीला घालायलाही चांगली. कापताना चार-पाच बोटं बुंधा ठेवायचा, जमिनीबरोबर खरवडायचं नाही, कारण पुढच्या वर्षीचा फुटवा त्या बुंध्यात असतो. शेपट्या लालसर तपकिरी होऊन एकमेकींत गुंतून दोरखंड व्हायला लागले की दोन-अडीच महिने त्या अंगाला बकरी फिरकू द्यायची नाहीत. बी गळून गेलं की वाळलेल्या काडीवर पुन्हा सोडता येतात, जरी तेव्हा तिच्यात पोट भरण्यापलीकडे फारसा कस उरलेला नसतो. पात्यातलं सत्त्व तोवर मुळात उतरलेलं असतं. सगळा खेळ पंधरा-वीस दिवसांच्या अंदाजाचा आहे, आणि तो अंदाज कुठल्याही उताऱ्यावर लिहिलेला नसतो.

माळ वाचता येतो. ज्याला येतो तो माणूस लांबून नुसता रंग बघून सांगतो की इथं किती वर्षं काय झालं. जिथं शेडा आणि पवन्या कमरेएवढे उभे आहेत, सखल जागी मारवेल आहे, तिथं कुणीतरी राखण केलेली आहे. चराई वाढली की हे गोड गवत आधी संपतं, कारण जनावर तेच निवडून खातं. मग कुसळी पसरते. आणखी ताण पडला की कुसळीही मागं हटते आणि हातभर उंचीचं, तीन शेपट्यांचं, केसासारखं बारीक गवत येतं, ज्याला जनावर तोंड लावत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उघडा मुरूम, आणि त्यावर तरवड नि रुई. तरवड पिवळ्या फुलांनी डवरलेली असते तेव्हा फार देखणी दिसते, दसऱ्याच्या सुमारास सगळं टेकाड हळद लावल्यासारखं होतं. पण गुरं-मेंढरं तरवड खात नाहीत. ज्या माळावर तरवडीशिवाय काही उरलेलं नाही, तो माळ दमलेला असतो. ही उतरंड उलटीही चढते, हे महत्त्वाचं. माळाचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत बंद ठेवला, आणि मृगाचा पहिला हिरवा फुटवा दिसताच बकरी आत न घालता गवताला सहा-आठ आठवडे दिले, तर तीन-चार पावसाळ्यांत पवन्या परत दिसायला लागतो. पहिला फुटवा मुळातल्या साठवणीवर निघतो. तो खुडला की मूळ रिकामं होतं. लोकांची चूक बहुतेक इथंच होते. चैत्र-वैशाखभर उपाशी काढलेली जनावरं पहिला हिरवा रंग दिसताच माळावर सोडली जातात, आणि त्याला दुसरा इलाज तरी काय, हेही खरं आहे.

झुडपांची रीत वेगळी. बोर, हेकळ, नेपती, काटेरी करवंद ही झुडपं माळावर एकेकटी, अंतर राखून उभी असतात. एखाद्या बोरीच्या जाळीखाली हात घालून बघावा (काटे सांभाळून, बोरीचा एक काटा सरळ असतो आणि एक आकडा). बाहेर मुरूम तापलेला असतो तेव्हा आतली माती गार आणि भुसभुशीत लागते. वाऱ्यानं आलेला पाला तिथं अडतो, वाळवी तो आत नेते, मुंग्या बी आणून टाकतात, बुलबुल बसून विष्ठा टाकतो. शेळीचं तोंड पोचत नाही. अशा जाळीच्या पोटातून कधीतरी हिवराचं, नाहीतर चंदनाचं रोप डोकं काढतं. चंदन तर जाळीशिवाय वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची मुळं शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून त्यातून पाणी-क्षार ओढतात. म्हणून तर रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत सोबतीला तूर किंवा दुसरं रोप लावतात, आणि जे कुणी साफसफाई करून, सगळी झुडपं काढून, रिकाम्या रानात नुसतं चंदन लावतात त्यांचं चंदन पिवळं पडून बसतं. कर्नाटकात २००१ सालापर्यंत आपल्या रानातलं चंदनही सरकारचं असायचं, त्यामुळं रोप दिसलं की शेतकरी ते गुपचूप उपटायचा. कायदा बदलला, तोवर जाळ्याही कमी झाल्या होत्या.

बाभळीचं एक सांगून पुढं जातो. अथणी-निपाणीकडच्या ज्या चपलांना कोल्हापुरी म्हणून २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे, कारण त्या चपला इथंही बनतात. त्यांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. चुन्यात मुरवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत कुटलेली साल, हिरडा नि पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. पाणी झिरपत राहतं, पुन्हा ओतायचं. त्या चपलेचा तो तपकिरी रंग, ती करकर, तो वास हे सगळं ओढ्याकाठच्या करीजालीतून आलेलं आहे. खराब जमिनीचं हेही एक उत्पन्न.

आणि जमिनीवर अंडी घालणारी पाखरं.

झाडावर घरटं हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं असतं, की ज्या माळावर झाड नाही तिथं पाखरू नाही असंच वाटतं. चैत्रात दुपारी मुरमाड टेकाडावरून चालताना माळटिटवी चिर्रकन ओरडते, पायाशी खडे दिसतात, आणि त्या खड्यांतले चार खडे खडे नसतात. उथळ खळगा, भोवती बारीक दगडांची कड, आत मुरमाच्या रंगाची ठिपक्यांची अंडी. ऊन एवढं की अंडं शिजावं; म्हणून टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. पखुर्डीचा नर तेच पिल्लांसाठी करतो. सकाळी ऊन चढल्यावर थव्यानं पाणवठ्यावर उतरायचं, पोटाची खास स्पंजासारखी पिसं पाण्यात बुडवायची, आणि कोसभर उडत येऊन पिल्लांपुढं उभं राहायचं. पिल्लं ती पिसं चोखतात. धाविकही उघड्या जमिनीवरच. डोंबारी चंडोल तर नावाप्रमाणं कसरती करतो, सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमीन यायच्या आत पुन्हा उसळतो. या सगळ्यांना लांबवर दिसायला हवं असतं. शत्रू येताना दिसला तरच उठून लांब पळायचं नाटक करून त्याला चकवता येतं. कार्तिकात लांबच्या उत्तरेकडून भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच बैठक मारतात. दिवसभर नाकतोडे टिपत गवतावरून हातभर उंचीनं तरंगत राहतात. एवढे नाकतोडे ज्वारीच्या कोवळ्या पिकात उतरले असते तर काय झालं असतं, याचा विचार शेतकऱ्यानं करून बघावा.

सरडा सगळ्यांच्या ओळखीचा. पण वैशाखात दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी उघडझाप करणारा माळावरचा सरडा नीट पाहिलेली माणसं कमी. या गटातल्या काही जाती वेगळ्या काढून २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी नवी प्रजाती नोंदवली, आणि तिचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलं, आपल्या मराठी शब्दावरून. दुसरी एक गोष्ट याच सरड्याची. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी, आणि त्यामुळे सरडे फार जास्त, कमी भित्रे झालेले, अंगानं मात्र हडकलेले. एक पातं फिरलं आणि गवतापासून गरुडापर्यंतची साखळी हलली. सौंदत्तीकडच्या टेकड्यांवर आता पवनचक्क्या आहेत. वीज नको असं कोण म्हणेल? पण त्या कुठं उभ्या करायच्या हे ठरवताना जागा 'खराब' आहे म्हणून मोकळी धरली जाते, तिथं मला थांबवावंसं वाटतं.

लांडग्याबद्दल बोलताना जीभ अडखळते. शहरातून बघणाऱ्याला तो माळाचा राजा वाटतो. चिंचलीच्या मायाक्का देवीला पाया पडून निघालेल्या वाड्याला, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाला, तो रात्रीची धास्ती असतो. लांडगी हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत नाहीतर साळिंदराच्या जुन्या बिळात वितात, आणि पिल्लं हिंडती झाली की घरची भूक वाढते; नेमकी तेव्हा कोकरंही लहान असतात. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावलेली, कुत्री राखणीला, तरी वारा सुटलेल्या रात्री एखादं कोकरू जातंच. भरपाईचा नियम आहे. त्यासाठी मेलेलं जनावर दाखवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो. लांडगा कोकरू उचलून नेतो, मागं चार थेंब रक्त राहतं, आणि वाड्याला तर दुसऱ्या दिवशी पुढच्या तळावर पोचायचं असतं. तरीही लांडगा आजवर टिकला तो धनगराच्या मेंढरांवर आणि बऱ्याच अंशी धनगराच्या सोसण्यावर. हरणं जिथून गेली तिथं त्यानं दुसरं खायचं तरी काय? शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ-बिळगीच्या माळावर यडहळ्ळीला चिंकाऱ्यांसाठी अभयारण्य झालं, त्याचा आनंद आहे. पण लांडगा कुंपणाच्या आत राहत नाही. त्याचा माळ एका गावाच्या गायरानातून दुसऱ्या गावाच्या खराब्यात असा तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो, आणि मधला एखादा तुकडा उसाखाली गेला की तो धागा तुटतो. कालव्याचं पाणी आलं तिथं असे कितीतरी धागे तुटले आहेत. पाणी आलेल्या शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही.

खोकड, म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा, बिचारं कुणाच्या अध्यात नसतं. उंदीर, वाळवी, पिकली बोरं. मुरमात बीळ, बिळाला तीन-चार तोंडं.

यावर आता खड्डे येतात. हिरवाई वाढवायची म्हणून माळावर झाडं लावायची मोहीम निघते, हेतू चांगला असतो, पोरं-बाळं उत्साहानं येतात, म्हणून बोलायला जड जातं. तीन बाय तीन मीटरवर खड्डे म्हणजे हेक्टरी ११११. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल असा एकेक खड्डा धरला तर हेक्टरमागं शंभरावर घनमीटर, म्हणजे सुमारे ३७ ब्रास मुरूम खणून वर काढला जातो. जी वीतभर माती तयार व्हायला शतकं गेली ती खाली आणि नापीक मुरूम वर. गवताची बुडं तुटतात. त्या उघड्या ढिगावर पवन्या येत नाही, येतं काँग्रेस गवत, नाहीतर घाणेरी. लावलेली रोपं बहुतेक ग्लिरिसिडिया, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ. श्रावणातल्या ओढीत निम्मी वाळतात, वाळवी उरलेल्यातली काही खाते, टँकरचं पाणी एक-दोन उन्हाळे चालतं. जी जगतात त्यांचा आणखी एक परिणाम होतो, जो खड्डे मारताना कुणाच्या ध्यानात येत नाही. कावळ्याला, घारीला टेहळणीला फांदी मिळते, आणि टिटवीची ती चार अंडी वरून सहज दिसायला लागतात. खोकड अशा लागवडीत बीळ करायचं टाळतं. समतल चरांचंही तसंच. जिथं गवत पार गेलेलं आहे, उतारावर घळी पडायला लागल्यात, तिथं चर जरूर मारावेत, त्यांचा उपयोग होतो. पण भरलेल्या कुरणात चर मारणं म्हणजे धडधाकट माणसाच्या पोटावर शस्त्रक्रिया करणं. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी करंज, बाभूळ, गावाजवळ वड-पिंपळ, बांधावर बोर आणि हिवर. जागा भरपूर आहेत.

देशभरातल्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यातही झुडपी जमीन पडिकातच मोजली जाते. चावडीतला तो एक शब्द तिथवर पोचलेला आहे.

खरोखर खराब काय असेल तर ती बळ्ळारी जाली, आपली वेडी बाभूळ. १८७० च्या दशकात तिला या देशात आणलं तेही रिकाम्या जमिनी हिरव्या करण्यासाठीच. शेंगा गोड, मेंढरं आवडीनं खातात, बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि वाडा जिथं जिथं बसला तिथं तिथं रोपं. तिच्या जाळीखाली गवत येत नाही. वरून तोडली तर एकाचे दहा फुटवे. तिला घालवायचं तर पाऊस पडून जमीन मऊ असताना बुंध्याभोवती खणून वीत-दीड वीत खालपर्यंतची गाठ मुळासकट काढावी लागते, आणि पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात रोपटी उपटत फिरावं लागतं. दुसऱ्या वर्षी कंटाळा केला की सगळं पहिल्यासारखं. तिचा कोळसा होतो, गरिबाच्या चुलीला सरपण होतं, म्हणून गावात तिच्याविरुद्ध एकमत होत नाही. आणि सरपणाची दुसरी सोय केल्याशिवाय ते व्हावं अशी अपेक्षाही करू नये.

त्या दिवशी चावडीवर पोरानं शेवटी कागद मिटून म्हाताऱ्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीची गुंडाळी केली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. पाऊस पुन्हा भरून येत होता, टेकाडावरची बकरी वाऱ्याकडं पाठ करून एका जागी गोळा होत होती. खालच्या काळ्या रानात एका शेतकऱ्यानं खतासाठी वाडा बसवायला बोलावलं होतं, त्याबद्दल पोरानं विचारलं, "आबा, मग कधी उतरणार खाली?"

म्हातारा उठून उभा राहिला. घोंगड्याला चिकटलेली एक काडी त्यानं काढली, चिमटीत धरून तिची शेपटी उजेडाकडं केली. ती अजून पोपटी होती.

"आठ-धा दिस हाईत अजून," तो म्हणाला. "लाल झाली न्हाई."